मुख्य आई

वॉशिंग मशीनने काम संपल्याची शीळ घातली, तेव्हा दोघी जावा थोरलीच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. एरवी त्या शिळेला थोरली लगेच उठायची. ओले कपडे आत पडून राहिले की तिला चैन पडत नसे. आज तिने नुसती मान वळवून मशीनकडे पाहिलं आणि पुन्हा टेबलावरच्या कागदाकडे.

"परत वाच," ती म्हणाली. "सावकाश वाच."

धाकटीने चष्मा वर सरकवला. परदेशातल्या बालगृहाचं पत्र दत्तकसंस्थेने मराठीत करून पाठवलं होतं. बाकीची कागदपत्रं ठीक होती. शंका एकच होती. "अर्जदार दांपत्याने आपल्याला अपत्य नाही असे लिहिले आहे. मात्र एका शिफारसपत्रात पाच वर्षांची मुलगी अर्जदार स्त्रीला आपली मुख्य आई म्हणते, असा उल्लेख आहे. ही मुलगी कोणाची, याचा खुलासा मिळेपर्यंत प्रकरण थांबवण्यात येत आहे."

"मुख्य?"

"मी 'मोठी आई' लिहिलं होतं, ताई. तिकडच्या भाषांतरात मोठीचं मुख्य झालं."

थोरलीला हसू फुटलं. "म्हणजे मी मुख्याध्यापिका आणि तू हाताखालची बाई."

धाकटीही हसली. पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. ते शिफारसपत्र तिनेच लिहिलं होतं, आणि तिच्या मनातली जी गोष्ट तिने कधी नवऱ्याजवळही काढली नव्हती, ती कुठल्याशा परक्या माणसाने शब्दकोश उघडून तिच्यासमोर ठेवली होती.

खारू तिची मुलगी. सारखं काहीतरी कुरतडत असते म्हणून खारू. धाकटी कामावर गेली की पोर वरच्या मजल्यावर, थोरलीकडे. पहिल्यांदा 'आई' म्हणाली तीही याच स्वयंपाकघरात. त्या संध्याकाळी थोरलीने दार उघडल्या उघडल्या सांगितलं होतं, "अगं, आज आई म्हणाली!"

"कोणाला?" धाकटीने विचारलं होतं.

"कोणाला म्हणजे? अशीच. हवेत." आणि थोरली दुधाचं भांडं घासायला वळली होती. ते भांडं स्वच्छ होतं.

दुसऱ्या दिवसापासून धाकटीने पोरीला आईच्या आधी 'मोठी' लावायला शिकवलं. घरच्यांना त्यात मान दिसला. धाकटीने ते कुंपण म्हणून घातलं होतं. पण कुंपण कसलं, पोरीने दोन दिवसांत त्यावर चढून बसायला शिकून घेतलं. पडली की मोठी आई. ताप आला की मोठी आई. वेणी मोठ्या आईचीच हवी, तू ओढतेस.

म्हणून तर वर्षभर या फाइलसाठी धाकटी झटली. डॉक्टरांचे दाखले, पोलिसांचा दाखला, घराचे फोटो, सगळं तिने पळापळ करून जमवलं. सासूबाई येईल त्याला सांगत, जाऊ असावी तर अशी. धाकटी खाली मान घालून ऐकायची. एकदा दत्तक घ्यायचा तो मुलगा आला की थोरलीची मांडी भरेल आणि खारू आपोआप जिने उतरून खाली येईल, हा हिशेब कोणाला सांगण्यासारखा नव्हता.

त्या मुलाचा फोटो फ्रिजवर चिकटवलेला होता. दोन वर्षांचा, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा, फोटो काढणाऱ्यावर भलताच रागावलेला. थोरली त्याच्या भाषेतले शब्द शिकत होती. ये, भूक लागली, दुखतंय, घाबरू नकोस. आईला काय म्हणतात तेवढं ती मुद्दाम शिकली नव्हती. "ते तो सांगेल," ती म्हणायची.

संस्थेतल्या बाईंना फोन लावला तेव्हा त्या मुळीच घाबरल्या नाहीत.

"अहो, सोपं आहे. दोघींनी मिळून प्रतिज्ञापत्र करा. मूल कोणाचं ते स्वच्छ लिहा. प्रेम, माया, घरचं वातावरण, काही नको. आणि हो, पुढच्या आठवड्यात ते लोक कॅमेऱ्यावर बोलणार आहेत तुमच्याशी. तेव्हा ती पोर मध्येच आली आणि आई म्हणाली, तर पुन्हा पंचाईत. सरळ काकू म्हणायला शिकवा तिला. आजपासूनच. मुलांना सवय लागायला वेळ लागतो."

फोन ठेवल्यावर थोरलीने मशीन उघडलं आणि कपडे काढायला लागली. एकेक कपडा झटकत होती, नेहमीपेक्षा जोरात.

"तू लिही," ती पाठमोरीच म्हणाली. "तुझं लिहिणं चांगलं आहे."

धाकटीने लिहिलं. दुसरं काही लिहायचं असतं तर चार वेळा खोडलं असतं; हे एका दमात उतरलं. सदर मुलगी माझ्या पोटी जन्मली असून तिची आई मी एकटीच आहे. अर्जदार स्त्री ही तिची काकू असून, त्यापलीकडे त्यांचे कोणतेही नाते नाही.

थोरलीने ओले हात पदराला पुसले आणि कागद घेतला. एका जागी तिचं बोट थांबलं.

"हे 'एकटीच' हवंच का गं?"

"स्वच्छ लिहा म्हणाल्या ना त्या."

"हं." बोट थोडा वेळ तिथेच राहिलं. कागदावर ओला ठिपका उमटला. "असू दे मग. बरोबरच आहे की."

त्या ठिपक्यामुळे धाकटीला सगळं पुन्हा लिहावं लागलं. एकटीच हा शब्द गाळायला आयती संधी होती. तिने तो गाळला नाही.

नोटरीच्या कार्यालयात खारूलाही न्यावं लागलं, कारण शाळा लवकर सुटली होती. बाकावर पाय हलवत ती पाण्याच्या बाटलीचा पट्टा कुरतडत बसली. टाइप करणाऱ्या बाईंनी बालगृहाचं पत्र आणि मजकूर वाचला आणि चष्म्यावरून तिघींकडे पाहिलं.

"दोन आया होत्या म्हणून तक्रार? मला मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं हो. एकीने बदडायला घेतलं की दुसरीने सोडवलं असतं."

थोरली मनापासून हसली. "आमच्याकडे बदडते ही. सोडवायचं खातं माझं."

"खोटं!" खारू बाकावरून ओरडली. "आई बदडत नाही. नुसते मोठे डोळे करते."

नोटरी म्हातारे होते आणि त्यांना कमी ऐकू यायचं. शिक्का हातात धरून त्यांनी कागदावरचं वाचून विचारलं, "मजकूर खरा आहे? मूल कोणाचं?"

"माझं," धाकटी म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"मला मूल नाही," थोरली म्हणाली.

"काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला."

बाहेर रांगेत बसलेल्या माणसांनी माना वर केल्या. थोरलीने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मला मूल नाही," ती मोठ्याने म्हणाली. "ही पोर हिची आहे. माझी कोणी नाही."

शिक्का बसला. बाकावरचे हलणारे पाय थांबले होते. पोरीने पट्टा तोंडातून काढला होता. धाकटीने ते पाहिलं, आणि सही करताना तिची नेहमीची सही तिला जमेना. शेवटचं अक्षर भलतीकडेच गेलं.

पायऱ्यांवर थोरली खारूसमोर उकिडवी बसली. पोरीची बुटाची नाडी सुटली नव्हती, तरी तिने ती सोडली आणि पुन्हा बांधली.

"खारूबाई, आजपासून एक करायचं. मला काकू म्हणायचं."

"का?"

"बाळाला आणायचंय ना आपल्याला? त्यासाठी."

"काकू," खारू म्हणाली. तोंडात नवीन गोळी घोळवावी तसा तिने तो शब्द घोळवला. "काकू. काकू."

"शहाणी माझी ती." थोरलीने नाडीला दुहेरी गाठ मारली आणि उठली. "तुम्ही थांबा इथेच. मी समोरून प्रती काढून आणते, आजच पाठवून देऊ." कोणाकडे न बघता तिने रस्ता ओलांडला.

इतकी वर्षं धाकटीने हा शब्द पोरीच्या तोंडून ऐकायची वाट पाहिली होती. आता तो आला होता, शिक्क्यासकट. तिने खारूचा हात धरला. हात नेहमीसारखाच चिकट होता. तो सुटायची धडपड करत नव्हता, हे तेवढं नवीन होतं.

समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती. थोरली काउंटरशी पाठमोरी उभी होती, हातातली फाइल छातीशी धरून.

"काकू!" खारूने हाक मारली.

थोरलीच्या बाजूला उभ्या असलेल्या बाईंनी मागे वळून पाहिलं. पलीकडे भाजी निवडणाऱ्या एकीनेही. थोरलीने पाहिलं नाही.

"काकू! ए काकू!"

आणखी एक अनोळखी बाई वळली, हसली आणि पुढे गेली. थोरलीच्या पाठीवरची वेणी जागची हलली नाही. ती रागावलेली नव्हती. शेजारच्या माणसाला काहीतरी सांगत होती, सुटे पैसे शोधत होती. तिला ऐकू जात होतं. ते आपल्यासाठी आहे, एवढंच तिला कळत नव्हतं.

धाकटीला वाटलं, आपण हाक मारावी. ताई म्हणून. एका हाकेत वळली असती ती. पण ती त्या पाठमोऱ्या वेणीकडे बघत राहिली.

खारूने तिची ओढणी ओढली. पोर रडत नव्हती. कोडं सुटत नसल्यासारखी ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

"आई, ती ओ देत नाहीये. मग मी तिला आता काय म्हणून बोलवू?"