बाबांची दुसरी खुर्ची

"चारच?" संजनाने कपाटात पुन्हा हात घालून पाहिलं. सोनेरी काठाच्या सहा कपांतले दोन जागेवर नव्हते. "आई, दोन कप फुटले का गं?"

"मला काय माहीत. आहेत त्यात दे. साखर वेगळी ठेव, ते लोक आपली आपण घालून घेतात."

"सुतकात कसला चहा?" शेजारच्या सगुणाकाकू हळूच म्हणाल्या.

"गोऱ्याला काय कळतंय सुतक! एवढ्या उन्हातून पार हमरियाच्या कारखान्यातून आलाय बिचारा."

रोल्ला बाजारातल्या दुकानातून आईने हौसेने आणलेला तो सेट अशाच पाहुण्यांसाठी कपाटाबाहेर यायचा. आजचा पाहुणा, कॉलिन, हॉलमध्ये बाबांच्या खुर्चीत बसला होता.

खिडकीजवळची ती वेताची खुर्ची बाबा गेल्यापासून रिकामी होती. परवा संजनाचा नवरा नीलेश फोनवर बोलता बोलता नुसता टेकला, तर ती त्याच्यावर अशी खेकसली की तो चटकन उठला. आणि आज कॉलिनला आत घेताना तिने स्वतःच हात पुढे केला होता, "प्लीज, सिट हिअर." सतरंजीवरच्या बायकांनी पाय आवरून त्याला वाट करून दिली होती.

माणूस वाईट नव्हता. त्याचे डोळे खरोखरच ओले होते. "मॅडी टॉट मी एव्हरीथिंग," तो आईला म्हणाला. बाबांचं नाव मधुकर, घरीदारी मधू आणि कारखान्यात मॅडी. कॉलिनचं म्हणणं खरंही होतं. बाबांनी विलायतेहून आलेले असे तीन मॅनेजर हाताला धरून तयार केले. शिकून झालं की ते वरच्या केबिनमध्ये जायचे आणि बाबा खाली मशीनपाशीच राहायचे. संजनाला ते कधी पचलं नाही. दुबईतल्या तिच्या ऑफिसात ती भर मीटिंगमध्ये बोलायची की इथे कामाला नाही, पासपोर्टला आणि कातडीला पगार मिळतो. त्या विषयावरची पुस्तकं तिच्या उशाशी असत. बाबा एखादं उचलून चाळायचे आणि म्हणायचे, "चांगलं असणार. पण टाइप फार बारीक आहे बुवा."

बेल वाजली.

दारात यहया होता, बिल्डिंगचा युगांडाचा वॉचमन. टोपी काढून हातात घेतलेली, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. बूट त्याने लिफ्टपाशीच काढून ठेवले होते.

"सॉरी मॅडम. आज ब्रेक मिला, तो आया."

संजना काही बोलणार तोच सगुणाकाकू मागून डोकावल्या. चेहरा हसरा ठेवूनच त्या मराठीत म्हणाल्या, "अगं, हा तोच ना, तुझं पार्सल ढापणारा? आत घेऊ नकोस बाई. तिथून काय ते दे नि पाठव."

यहया तसाच उभा राहिला.

ते पार्सल मार्चमधलं. लॉबीच्या टेबलापाशी दोन वॉचमन असायचे, यूनुस आणि यहया. पार्सल सापडेना, तेव्हा बिल्डिंगच्या ऑफिसातल्या राजनने फोनवर विचारलं, "किस पे डाउट है, मॅडम?" आणि संजना क्षणभरही न थांबता म्हणाली, "वो काला वाला होगा." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून यहयाची ड्यूटी बेसमेंटच्या पार्किंगमध्ये लागली. तिथे एसी नाही, पंखाही नाही. पुढच्या आठवड्यात पार्सल गाडीच्या डिकीत मिळालं. नीलेशनेच खालून घेतलं होतं आणि विसरला होता.

"ऑफिसात सांगितलंस का?" बाबांनी विचारलं.

"सांगते, बाबा."

त्यांनी आणखी एकदा विचारलं. मग विचारायचं सोडलं. तेव्हापासून संध्याकाळी चहाचा थर्मास घेऊन ते खाली जाऊ लागले. पाय मोकळे करून येतो म्हणायचे. पुढे उन्हाळा चढला, घरातले सगळे नको म्हणत होते, तरी ते जायचे. तिथेच, एका खांबापाशी, ते कोसळले. अँब्युलन्स आली तेव्हा त्यांचं डोकं यहयाच्या मांडीवर होतं, असं यूनुसने सांगितलं. यहयाला कुणी काही विचारलं नव्हतं.

त्याने पिशवी पुढे केली. आत थर्मास होता, आणि वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले सोनेरी काठाचे दोन कप.

"बाबा का है. मैंने धोया."

"अंदर आओ," संजना कशीबशी म्हणाली. "बैठो."

त्याने आत पाहिलं. सतरंजी, बायका, फोटोपुढचा दिवा, वेताची खुर्ची आणि तिच्यात बसलेला कॉलिन.

"नहीं मॅडम. नीचे कोई नहीं है." मग त्याने हात जोडले, मान किंचित तिरकी करून, थेट बाबा जोडायचे तसे, आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "येतो."

सुतकाच्या घरातून निघताना कुणी येतो म्हणत नाही. आजवर आलेले सगळे खाली मान घालून, न बोलता गेले होते.

दार लागल्यावर सगुणाकाकूंनी तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! मराठी कळतं की काय मेल्याला?"

"कळतं, काकू. बाबांनी शिकवलं असणार." संजनाला स्वतःचा आवाज परका वाटला. "आणि पार्सल कुणी ढापलं नव्हतं. आमच्याच डिकीत होतं. मला माहीत होतं."

आईने वर पाहिलं. "मग सांगितलं नाहीस कुणाला?"

संजनाने पिशवीतले दोन कप काढून टेबलावर ठेवले. "एव्हरीथिंग ऑल राइट?" कॉलिनने कप खाली ठेवत विचारलं. 

कॉलिन गेल्यावर तिने राजनला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून सुस्कारा आला. "अरे मॅडम, वो मामला तो कब का खलास. ऊपर लॉबी में नया आदमी आ गया. अब कंपनी को क्या बोलूँ? छोड़िए ना, आपके घर में दुख है."

संध्याकाळी तिने चहा टाकला. बाबांसारखं भरपूर आलं किसून घातलं. थर्मास भरून ती नेहमीचे स्टीलचे पेले उचलत होती, तेवढ्यात आईने ते दोन कप पुढे केले. "हेच ने," एवढंच म्हणाली.

बेसमेंटमध्ये भट्टीसारखं होतं. खांबापाशी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. एकीवर यहया बसला होता, तिला पाहून उठला. सगळीकडे गाड्यांच्या टपांवर वाळूचा थर होता. दुसरी खुर्ची मात्र लख्ख पुसलेली होती.

"मैंने ही तुम्हारा नाम लिया था," ती म्हणाली.

"हां मॅडम. पता है. म्झे ने पहले दिन बोला."

"म्झे?"

"हमारे उधर बड़े आदमी को बोलते. म्झे आया, सॉरी बोला. मैं बोला, ओके. दूसरे दिन चाय लेके आया."

"मला... आय ॲम सॉरी, यहया."

"ओके, मॅडम," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं.

"ऑफिस में बोला मैंने. वो लोग अब..."

त्याने मान हलवली, जणू हे त्याला तिच्याआधीच ठाऊक होतं.

मग तिने विचारलं, "बाबा आखिर में कुछ बोले?"

"बोला, चाय ठंडा हो रहा है, तू पी."

तिने थर्मास उघडून दोन्ही कप भरले. तो स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवू लागला. बाबांच्या खुर्चीला त्याने हात लावला नाही.

"नाही," ती मराठीतच म्हणाली. "तू बस."

तो बसला नाही. तीही बसली नाही. दोघं कप हातात धरून उभे राहिले. वरच्या उतारावरून कुणाची तरी गाडी खाली आली आणि तिच्या दिव्यांचा झोत दोघांच्या मधल्या रिकाम्या खुर्चीवरून फिरून गेला.