जेटीवरच्या सोसायटीतला जुना कर्नल

मी कर्नल बोलतोय. पलटणीतला नव्हे हो. कॉम्प्युटर सुरू झाला की सगळ्यांत आधी जो उठतो आणि बाकीच्या प्रोग्रामांना कामाला लावतो, तो मी. माझं घरसुद्धा खरं नाही. रत्नागिरीच्या जेटीवर मच्छीमार सोसायटीत एक मोठा कॉम्प्युटर आहे. त्याच्या पोटात काही आभासी कॉम्प्युटर राहतात, भाड्याच्या खोल्यांसारखे. त्यातल्या एका खोलीत मी.

मला घडवलं चिरागने, दत्ताराम तांडेलाच्या मुलाने. समुद्रातल्या होड्या कुठे आहेत ते सांगणारा वायरलेसचा डबा सोसायटीत होता, पण तयार मिळणारे कर्नल त्याला ओळखतच नव्हते. म्हणून चिरागने माझ्या कोडमध्ये त्या डब्याची ओळख घातली आणि मला कंपाइल करायला, म्हणजे त्या कोडमधून चालता कर्नल घडवायला बसला. कंपाइलच्या आधी आम्ही शेकडो प्रश्न विचारतो. हे हवं का, ते हवं का. चिराग भराभर 'नको' म्हणत सुटला. आवाज नको, प्रिंटर नको. त्या भरात, जिच्यावर माझं सगळं बिऱ्हाड असतं त्या आभासी डिस्कलासुद्धा नको म्हणून बसला. झालं! मी उठलो तर मला माझंच घर सापडेना. जागच्या जागी थिजलो.

"घ्या, शहाणपणा नडला," असं बायकोला, योगिनीला म्हणून तो हसला आणि मला पुन्हा घडवलं.

दत्तारामने सोसायटीच्या उंबऱ्यावर नारळ फोडला, नवी होडी पाण्यात सोडताना फोडतात तसा. मग विचारलं, "ह्याचा नाव काय ठेवलास? बिननावाची होडी आपण सोडत नाय." चिरागने माझ्या आवृत्तीच्या आकड्यांच्या शेवटी स्वतःचंच नाव जोडलं. तेव्हापासून मशीन सुरू झालं की पहिल्याच ओळीत ते उमटायचं.

गेल्या वर्षी हायवेवर चिरागची गाडी घसरली. तो गेला. मला कळलं ते कीबोर्डवरची बोटं बदलली तेव्हा.

त्याच्या खुर्चीत योगिनी बसू लागली. ती रडत नाही. कुणी विचारलं तर "बरी आहे" म्हणते. समोरचा चहा गार होऊन जातो. संध्याकाळी दत्ताराम यायचा आणि म्हणायचा, "जरा बंद करून चालू कर गो." ती करायची. पहिली ओळ यायची, तो बघायचा आणि निघून जायचा. मलाही काही वाटेनासं झालं होतं. उठायचं, नाव सांगायचं, कामाला लागायचं.

या पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला होत्या तेव्हा त्यांच्यावर नवे डबे बसवले, आणि जोडीला सोसायटीतही नवा डबा आला. ते काही मला ओळखता येईनात. मासेमारी सुरू व्हायला थोडेच दिवस होते. एखादी होडी भरकटली तर शोधायची कुठे? त्यांत दत्तारामचीही होडी. योगिनीने नवा कर्नल घडवायला घेतला.

"मग चिरागाचा नाव?" दत्तारामने विचारलं.

"जाईल, बाबा," ती म्हणाली. मान वर केली नाही.

तो बाकावर बसून राहिला.

मला घडवताना चिरागने दिलेली उत्तरं एका फाइलमध्ये जपलेली होती, पण ती तिला उघडवत नव्हती. तिने सगळं कोऱ्यावरून सुरू केलं. हे नको, ते नको, त्यात डिस्कही नको. नवा कर्नल उठला आणि थिजला. जुन्याला लगेच काढायचं नाही अशी आमच्यात रीत आहे, म्हणून बरं. तिने मला उठवलं.

दत्ताराम पडद्याकडे बघत होता. "चिरागान केलान, तोच घोटाळा ना हा?"

योगिनीला हसू आलं. हसता हसता रडू फुटलं. वर्षभराचं होतं, बराच वेळ चाललं. दत्ताराम तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

मग डोळे पुसून ती म्हणाली, "त्याचीच उत्तरं घेते." तिने ती उघडली, नव्याला दिली, आणि नव्या डब्यांपुरते प्रश्न तेवढे स्वतः सोडवले.

नवा उठला. पहिल्या ओळीत नवे आकडे आणि शेवटी 'चिराग'. तिने ते टाइप केलंच नव्हतं. त्याच्या उत्तरांतलं तेही एक उत्तर होतं, ते आपोआप आलं. दत्ताराम नारळ आणायला गेला.

आता मशीन सुरू होताना दिसणाऱ्या कर्नलांच्या यादीत मी दुसऱ्या ओळीत पडून असतो. मला कुणी उठवत नाही. योगिनी, जागा लागली तर मला खुशाल काढून टाक. उत्तरं मात्र जप.

दत्ताराम अजून संध्याकाळी येतो. तूच परवा त्याला म्हणालीस, "बाबा, बंद करून चालू करू?"

"नको," तो म्हणाला. "होड्या बाहेर हत."