दारावरचा आकडा

आकडा ४१.
मॉलच्या दारावरच्या यंत्राने दिवसभरात आत येणारी इतकीच माणसं मोजली. एके काळी एवढी तर सरकत्या जिन्यावर एकाच वेळी उभी असायची. आकडा असाच राहिला तर मॉलला टाळं लागेल, असं मालकांच्या माणसाने बजावलं. ते ऐकून दारावरचा पहारेकरी हबकला. आत त्याच्या थोरल्या बहिणीचं खेळण्यांचं दुकान होतं, आणि तिच्याच शब्दावर त्याला ही नोकरी लागली होती.

आकडा २१२.
पहारेकरी दारातून आत यायचा, मागच्या फाटकाने बाहेर पडायचा आणि वळसा घालून पुन्हा दारात. कधी टोपी घालून, कधी काढून. जणू यंत्राला चेहरे कळत होते! पायांचे तुकडे पडायचे, पण आकडा चढत होता.

आकडा ६३०.
लांब बसलेल्या मालकांना फक्त आकडाच दिसायचा. एवढी गर्दी बघून त्यांनी सगळ्यांचं भाडं वाढवलं. महिन्याभरात एकेक दुकान उठलं.

शेवटी बहिणीनेही खोकी बांधायला घेतली.

"गर्दी वाढलीय म्हणे!" ती फणकारली. "दारात तूच असतोस ना रे? तुला तरी दिसली का कुठे?"

"ताई, तो मीच होतो."

"कोण तू?"

"गर्दी."

ताईने सगळ्यात जड खोकं त्याच्या हातात दिलं.

"चल. आता एकदाच जा बाहेर."