दादाच्या व्हॅनचे गचके

दादाची व्हॅन गचके खात होती आणि मला माझ्या धंद्याची लाज वाटायला लागली होती. साऱ्या जगाच्या गाड्या मी दुरुस्त करायच्या आणि सख्ख्या भावाची तेवढी होईना, म्हणजे काय!

दादा शाळेच्या मुलांची ने-आण करतो. पोरं त्याला व्हॅनकाका म्हणतात. आईबाबा गेल्यावर त्यानं व्हॅन चालवूनच मला शिकवलं, हे गॅरेज उभं करून दिलं. स्वतःचं लग्न मात्र राहूनच गेलं. आता ती पोरं म्हणजेच त्याचं घरदार.

"सिग्नलवरून निघताना जास्त होतं," तो म्हणाला होता. "मध्येच पळते, मध्येच दम सोडते. पोरं हसतात. मला भीती वाटते गं."

मी इंजिनात हवा सोडणारी झडप, म्हणजे थ्रॉटल, साफ केला. फरक नाही. नवा बसवला. तरी तेच. तो विकणाऱ्या दुकानदाराला फोनवर नको नको ते बोलले. तोही बिचारा ऐकून घेत राहिला. सगळं वायरिंग तपासलं. मग स्वतः फेरी मारून आले, तर व्हॅन अगदी सुरळीत चालली! एखादा शहाणा त्यावरूनच काय ते समजला असता. मी मात्र म्हटलं, मेकॅनिक बसला की गाड्या गुणी बाळासारख्या वागतातच.

आज सकाळी पोरांना शाळेत सोडून तो परत आला. मी चहा ओतायला लागले तर म्हणाला, "अर्धाच दे." हल्ली त्याचं हे नेहमीचंच झालंय. "कुणासाठी बारीक होतोयस एवढा?" मी चिडवलं. तो नुसता हसला.

मग मी त्याला ड्रायव्हरच्या जागी बसवलं, स्कॅनर जोडला आणि म्हटलं, "पेडल थोडंसं दाब आणि तसंच धरून ठेव."

हल्लीच्या गाड्यांत पेडलपासून इंजिनपर्यंत केबल जात नाही. पाय किती दाबला ते पेडलमधले दोन सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतात आणि तो तेवढा थ्रॉटल उघडतो. सेन्सर दोन अशासाठी, की एकानं थाप मारली तर दुसऱ्यामुळे ती उघडी पडावी. एक सेन्सर बिघडला की स्कॅनरच्या पडद्यावर त्याची रेघ भलतीकडे जाते, दुसऱ्याची जागेवर राहते.

इथे दोन्ही रेघा थरथरत होत्या. एकदम, बरोबरीनं.

"पाय हलवू नकोस रे!" मी खेकसले.

"नाही हलवत गं."

मी दारातून आत वाकले. पेडलवरचा त्याचा बूट बारीक थरथरत होता. त्याला त्याचा पत्ताच नव्हता. मांडीवरचा हातही तसाच. अर्ध्या कपाचा अर्थ मला तेव्हा लागला.

"ऊठ जरा," मी म्हटलं. मी बसले, पाय ठेवला. रेघा सरळ झाल्या. देवा, एवढ्या सरळ नको होत्या रे! त्याला पुन्हा बसवलं. पुन्हा थरथर. या खेपेला पडदा त्याच्याकडे वळवला. लपवणार तरी किती वेळ?

त्यानं वाकून दोन्ही रेघा बघितल्या.

"यातली चुकीची कुठली?"

"कुठलीच नाही, दादा."

त्यानं पायाकडे बघितलं. गुडघा हातानं दाबून धरला. रेघा हलायच्या थांबल्या नाहीत.

"मग पेडल बदलून बघ," तो हळूच म्हणाला. मी स्कॅनरची वायर गुंडाळायला लागले. मला रडू फुटत होतं आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

दुपार होत आली तेव्हा त्यानं चावी काढून माझ्या हातात ठेवली. "शाळा सुटायची वेळ होईल. आज तू चल. वळणं मी सांगतो." एवढं बोलून तो शेजारच्या सीटवर जाऊन बसला. त्या सीटवर त्याला मी कधी बघितलंच नव्हतं.

व्हॅन निघाली. सिग्नल आला, सुटला. प्रत्येक वेळी मी मनातल्या मनात गाडीची विनवणी करत होते, एकदा तरी गचका खा गं, एकदाच. ती लोण्यासारखी चालत राहिली.

शाळेच्या फाटकाशी मी ब्रेक लावला. दादानं समोरच्या डॅशबोर्डवर हात फिरवला.

"बघ," तो म्हणाला, "झाली की नाही दुरुस्त."