रांगेत एक जास्त

माझी ताई चष्म्याच्या एका मोठ्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासते. भाऊजी लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. कंपनी त्यांना दर तीन-चार वर्षांनी उचलून दुसऱ्या देशात नेऊन ठेवते आणि त्यांच्या मागोमाग ताई, नऊ वर्षांची भिंगरी आणि पाच वर्षांचा टिल्लू असं सगळं बिऱ्हाड निघतं. मी सुट्टी काढून त्यांच्याकडे गेले ती नेमकी शाळा शोधायच्या धांदलीत.

"आलीस? बरं झालं. तुझं मत सांग," म्हणत ताईने दारातच माझ्या हातात पाण्याऐवजी एका शाळेचं माहितीपत्रक दिलं. जेवणाच्या टेबलावर तशी आणखी बरीच पडली होती. प्रत्येकावर एक मूल मायक्रोस्कोपमध्ये डोकावून खदाखदा हसत होतं.

"त्यात एवढं हसण्यासारखं काय दिसतं गं त्यांना?" मी विचारलं.

"विचारूच नकोस. माझ्या स्वप्नातसुद्धा हीच पोरं येतात."

ब्रिटिश अभ्यासक्रमाची शाळा हवी, एवढं दोघांचं पक्कं होतं. उद्या पुन्हा बदली झाली तरी नव्या गावात तशी एखादी शाळा सापडते आणि मुलांना नव्याने श्रीगणेशा करावा लागत नाही. पण कोणती शाळा, यावर कुणाचं कुणाशी जमेना. भाऊजींना परीक्षांचे निकाल बघायचे होते. ताईला वर्गात उजेड किती आणि शेवटच्या बाकावरून फळा दिसतो का, याची पडली होती. भिंगरीची एकच अट, मुलींना फुटबॉल खेळू देतात की नाही. टिल्लूचं काहीच म्हणणं नव्हतं, आणि खरी काळजी तीच होती.

घरात टिल्लूची टकळी बंद होत नसे. पण इथे आल्यापासून ज्या बालवाडीत तो जात होता, तिथे चार महिन्यांत त्याने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. "हा बोलतो ना?" असं तिथल्या बाईंनी विचारलं की ताई हसून हो म्हणायची आणि घरी येऊन नुसती बसून राहायची.

पहिली शाळा बघितली ती भाऊजींच्या पसंतीची. सगळी काचेची, चकचकीत. त्यांनी आधी लिफ्ट बघितली, दारावरून हात फिरवला आणि समाधानाने मान डोलावली. आम्हाला फिरवणारे गृहस्थ फार अदबीने बोलत होते. वर्गांची दारं मात्र बंद होती. आतली मुलं काचेतून दिसायची, ओठ हलताना दिसायचे, आवाज काही नाही. टिल्लू शेवटपर्यंत माझ्या ओढणीआड होता.

"झकास!" बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले. "आता दुसरी बघायची गरजच काय?"

"वेळ घेतली आहे, तर जाऊन येऊ," ताई म्हणाली. तिच्या या स्वरापुढे भाऊजी वाद घालत नाहीत.

दुसरी शाळा एका टेकाडावर होती. दोन मजल्यांची जुनी पिवळट इमारत, समोर उताराला लागलेलं मैदान. प्रवेश विभागाच्या बाई आम्हाला घेऊन निघाल्या. ताई एका रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसली, एक डोळा झाकून फळा वाचू लागली. भाऊजींनी हळूच घड्याळ बघितलं. एवढ्यात कानठळ्या बसवणारी घंटा वाजली.

"अगं बाई!" मी दचकलेच.

"आगीचा सराव आहे," बाई म्हणाल्या, पण त्यांचाही चेहरा पडला होता. "आज आहे हे मला कुणी सांगितलं कसं नाही? चला, चला, सगळे बाहेर!"

भराभर दारं उघडली आणि पोरांचा लोंढा जिन्यावरून खाली येऊ लागला. कुणी ढकलत नव्हतं, पण गप्पही कुणी नव्हतं. एकाच्या हातात ओला ब्रश, एकाच्या एकाच पायात बूट. एक शिक्षक काखेत गिनिपिगचा पिंजरा घेऊन निघाले होते. आमच्या बाई पाहुण्यांचं रजिस्टर आणायला पळाल्या. आम्हाला बाजूच्या कुंपणापाशी उभं राहायला सांगितलं होतं. तिथे पोहोचले आणि बघते तर माझ्या हातात टिल्लूचं बोट नाही.

मी गर्रकन मागे वळले. "ताई, टिल्लू!"

"तो काय, तिकडे!" भिंगरी ओरडली.

सगळ्यात लहान मुलांच्या रांगेच्या शेवटी टिल्लू उभा होता. पुढचे दोन दात पडलेल्या एका मुलीने त्याचा हात घट्ट धरला होता. सरावात कुणी रांगेबाहेर राहायचं नाही, असं तिला शिकवलं होतं आणि तिने ते शब्दशः पाळलं होतं. ताई धावायला निघाली, तर भाऊजींनी तिचा दंड धरला.

"थांब जरा. बघू तरी."

वर्गशिक्षिकेने मुलांना एकेक करून आकडे म्हणायला लावले. वन, टू, थ्री... आकडे टिल्लूच्या दिशेने सरकत होते. दात पडलेल्या मुलीने "ट्वेंटी!" म्हटलं आणि त्याच्याकडे बघितलं.

"ट्वेंटी-वन!" टिल्लू ओरडला. असा ओरडला की पलीकडच्या रांगेतली मोठी मुलंसुद्धा वळून बघायला लागली.

शिक्षिका गोंधळल्या. "वीसच असायला हवेत." त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा "ट्वेंटी-वन!", आता आणखी मोठ्याने. तेवढ्यात रंगाने माखलेला एप्रन घातलेल्या एक उंच बाई तिथे आल्या. त्या चित्रकलेच्या शिक्षिका असाव्यात असं मला वाटलं. त्या निघाल्या मुख्याध्यापिका.

"आमच्याकडे एक जास्त आहे म्हणे?" त्यांनी खाली बसत टिल्लूला इंग्रजीत विचारलं. "तू कोण?"

टिल्लू त्यांच्या एप्रनवरचे रंग न्याहाळू लागला.

"हा नवीन आहे," शेजारची मुलगी म्हणाली.

त्यावर टिल्लूने तिच्याकडे रागाने बघितलं आणि खणखणीत मराठीत सांगितलं, "मी नवीन नाही. मी पाच वर्षांचा आहे!"

भिंगरी पळत गेली आणि तिने भाषांतर करून सांगितलं. मुख्याध्यापिका इतक्या हसल्या की एप्रनला डोळे पुसताना गालाला निळा रंग लागला. "बरोबर आहे त्याचं," त्या म्हणाल्या. "पाच वर्षांचा माणूस नवीन कसा?" ताई हसत होती की रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

परत येताना गाडीत भिंगरी थांबायला तयार नव्हती. तिने तेवढ्यात मोठ्या मुलींच्या रांगेत जाऊन चौकशी केली होती. "बाबा, दर बुधवारी फुटबॉल! आणि त्यांना गोलकीपर मिळत नाहीये!"

"निकाल काचेच्या शाळेचे चांगले आहेत," भाऊजी पुटपुटले.

"त्याचा आवाज ऐकलास ना?" ताईने विचारलं.

भाऊजींनी घराकडचं वळण घेतलं. "ऐकला," ते म्हणाले. "कुंपणापर्यंत ऐकला." आणि विषय संपला.

पण घोडं अडलं भिंगरीपाशी. टिल्लूला जागा होती. तिच्या वर्गात एकच रिकामी होती आणि मागणारे तिघे. एकाच घरातली दोन मुलं दोन शाळांत पाठवायची, तर त्यांची ने-आण करताना ताईच्या नोकरीचं काय करायचं? भिंगरी चाचणी देऊन आली आणि म्हणाली, "गणित सोपं होतं. निबंधात मी गोलकीपरला मैदान कसं दिसतं ते लिहिलं." मग सगळे फोनकडे डोळे लावून बसलो. फोन वाजला की कधी बँक, कधी कुणी चुकून लावलेला.

तो फोन आला तेव्हा मुलं बाहेर खेळत होती, भाऊजी कुठल्या तरी लिफ्टच्या पोकळीत, आणि ताई एका आजोबांना अक्षरं वाचायला लावत होती. तिने फोन बंद करायला हात घातला, तर आजोबाच म्हणाले, "घ्या, घ्या. मी काही पळून जात नाही."

पुढच्याच मिनिटाला तिने मला फोन केला. पलीकडून नुसत्या टाळ्या ऐकू येत होत्या.

"ताई, अगं बोल की! काय झालं?"

"दोघंही," ती म्हणाली. "दोघंही गं! मी इथे दुकानात उड्या मारतेय आणि आजोबा टाळ्या वाजवतायत!"

मी चपला न घालताच जिना उतरले. भिंगरीला सांगितलं, तर तिने आधी मला मिठी मारली, मग इमारतीच्या वॉचमनला. टिल्लूने एकच विचारलं, "ती दात पडलेली मुलगी असेल ना?"

शनिवारी आम्ही सगळे गणवेशाच्या दुकानात गेलो. टिल्लूचा कोट गुडघ्यांपर्यंत येत होता, पण तो अंगातून काढायला तयार होईना. दुकानदार हसला. शेवटी भाऊजींनी त्याचा जुना शर्ट पिशवीत टाकला आणि आम्ही बाहेर पडलो. टिल्लू पुढे, शनिवारच्या गर्दीतून रुबाबात चालत होता. बाहीवर किमतीची चिठ्ठी लोंबत होती. ती काढायला मी हात पुढे केला, तर ताई म्हणाली, "असू दे गं. जाऊ दे त्याला."