कानिशाईच्या पोटातून

मी कानिशाईच्या पोटातली अन्नाची पिशवी बोलतेय. डॉक्टर मला जठर म्हणतात. कानिशाई काहीच म्हणत नाही. मी दुखले की वरून मूठ दाबते, सोड्याचं पाणी माझ्या अंगावर ओतते आणि मेंढरांमागे निघते. वर काळीज, शेजारी यकृत. त्यांच्या घरातलं सगळं मला ऐकू येतं, पण आज त्यांची उणीदुणी राहू देत. आज मी माझं सांगणार, आणि रागानंच सांगणार.

दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखात, नारीनच्या डोंगरात, धनगराच्या घरात माझा जन्म. पहिले काही महिने दुधावर कशी गुलाबी होते! मग कानिशाईची आई मटण आधी स्वतः चावायची, मऊ करायची आणि लेकीच्या तोंडात भरवायची. माया होती हो, नव्हती कोण म्हणेल? पण बहुतेक त्याच घासातून एक जंतू खाली उतरला. मळसूत्रासारखा पिळदार. माझ्या आंबट रसात भलेभले विरघळतात, हा मात्र मेला नाही. अस्तरात शिरला आणि बिऱ्हाड थाटून बसला.

आईचंही पोट असंच जळायचं. पुढे तिला घास जाईना. वाळत वाळत गेली बिचारी. डॉक्टर म्हणाले, जठराचा कर्करोग. गाव म्हणालं, दृष्ट लागली. आमच्याकडे मयताला घोडा कापून गावजेवण घालतात; ते मटण शिजत असताना डॉक्टरांचं कोण ऐकतो?

लेकही त्याच वाटेनं निघाली. उकळता चहा, खारवलेलं मटण, दगडासारखे खारट दह्याचे गोळे, सगळं माझ्या माथी. मेजवानीत एखादा म्हातारा चरबी आणि मटणाची मूठ वळून तिच्या तोंडात कोंबायचा. मान असतो तो, नाही म्हणता येत नाही. मान तिला, जळजळ मला.

वसंतात तिला अन्न टिकेना, तेव्हा सून मीरगुल तिला तालुक्याला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई दामिरा. त्यांनी नळी घालून मला आतून पाहिलं, चिमटे काढून माझे तुकडे तपासायला नेले. मग म्हणाल्या, "मावशी, अजून कर्करोग नाही. पण अस्तर वर्षानुवर्षं सुजून विरत चाललंय, त्यात तुमच्या आईचं तसं झालेलं. जंतू मारला तर धोका बराच कमी होईल. दोन आठवडे गोळ्या, एकही चुकवायची नाही."

आणि हिनं काय करावं? उन्हाळी कुरणावर तंबू लागले, पाहुणे आले. दिराचं पोट जळतं, घ्या गोळ्या. वाटेनं जाणारा गुराखी कण्हतो, घे बाबा तूही. थोरल्या जाऊबाई उलजान, त्यांना तर ओंजळभर. सगळ्यांची पोटं जळत असताना मी एकटीनंच कसं खायचं, हे हिचं म्हणणं. इथं वाटेवर बसलेल्या परक्यालाही घासातला घास देतात, मान्य. पण गोळ्या? माझ्यातले जंतू अर्धमेले झाले आणि पुन्हा उठले, पहिल्यापेक्षा निबर होऊन.

शरदात पुन्हा नळी. दामिराबाई तडकल्याच. "मावशी, औषध म्हणजे मटण नव्हे, प्रत्येकाच्या मानाचा वाटा काढायला." या वेळच्या गोळ्या जास्त आणि जास्त कडू. या खेपेला जंतू मेला नाही तर पुढचं कठीण आहे, असंही त्यांनी बजावलं.

सुनेनं सासूला उलट बोलायचं नाही, ही रीत. मीरगुल बोलत नाही. किटली हातात घेऊन बसते. सासूनं गोळी गिळल्याशिवाय चहा ओतत नाही.

आज सकाळी उलजान आल्या. बसता बसताच म्हणाल्या, मागे तुझ्या गोळ्यांनी बरं वाटलं होतं गं, चार काढ. कानिशाईचा हात डबीकडे गेला. मी आवळून बसले. मीरगुलनं किटली धरली, पण पाहुणीच्याही वाटीत चहा ओतला नाही.

"तुझी सून बसल्या बसल्या झोपली का गं?"

कानिशाईनं डबी मांडीखाली सारली. "नाही देणार, अक्का. या माझ्या आहेत. तुम्हाला मीरगुल डॉक्टरकडे नेईल."

"अस्सं. आता या घरात लपवून खातात."

उलजान उठल्या. रोटीचा तुकडाही न मोडता गेल्या. दाराशी आलेला शत्रूसुद्धा इथं तुकडा मोडून जातो. कानिशाईचा हुंदका सरळ माझ्यापर्यंत आला. सगळ्या जन्मात तिनं कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

मला वाईट वाटलं. पण राग गेला नाही. विरलेलं अस्तर सगळं भरून येईल असं नाही, आणि वसंतात पुन्हा नळी आहेच. बायांनो, बाप्यांनो, तुमच्या आतही माझ्यासारखी एखादी कधीची बोंबलत असेल. सोडा ओतून तिचं तोंड बंद करू नका. तिला दाखवून आणा.

रड, कानिशाई, हवं तेवढं रड. गोळी खाली आली आहे. अख्खी, कडू, कुणालाही वाटा न देता. मी कामाला लागते.