लाल नळाचे गार पाणी

मित्रांनो, जरा मान वर करा. बाथरूमच्या कोपऱ्यात, छताला डोके टेकेल इतक्या उंचीवर जो पांढरा, पोट सुटलेला गडी लटकतो आहे ना, तो मी. मी एक जुना गीझर आहे. मस्कतच्या अझैबा भागात, एका तीन मजली इमारतीत माझा मुक्काम आहे. तुम्ही म्हणाल, गीझरला सांगण्यासारखे काय असणार? पाणी तापवायचे आणि गप्प बसायचे. थांबा, थांबा! वर्षातले निम्मे महिने मी पाणी तापवतो आणि उरलेले निम्मे महिने चक्क गार पाणी देतो! आहे की नाही गंमत? आणि याच गमतीपासून सुरू झालेल्या भांडणात एक बिऱ्हाड मोडता मोडता कसे राहिले, तेच तर मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझे पोट घडवले, आत तापणारी कॉइल बसवली, वर पांढरा रंग दिला. मग खोक्यात बंद होऊन मी जहाजाने मस्कतला आलो. दोन माणसांनी मला हाश्शहुश्श करत जिना चढवला आणि इथे टांगले. तेव्हा या घरात उत्तमराव एकटेच राहत. ते संगमेश्वर तालुक्यातले, एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर. स्वभावाने फार गोड माणूस. आंघोळ करताना मोठ्याने भजने म्हणत आणि बाहेर पडताना माझ्या पोटावर थाप मारून म्हणत, "शाबास रे गड्या!" अशी शाबासकी मिळाल्यावर कोणाला हुरूप येणार नाही?

आता माझी युक्ती सांगतो. इकडे उन्हाळ्यात गच्चीवरची पाण्याची टाकी दिवसभर उन्हात तापते. निळा नळ, म्हणजे गार पाण्याचा नळ, सोडला तर त्या पाण्यात चहा उकळावा! म्हणून मे महिना आला की जाणती माणसे माझे बटण बंद करून टाकतात. पाणी घरातल्या सावलीत, एसीच्या गारव्यात माझ्या पोटात निवांत पडून राहते आणि निवते. मग लाल नळ सोडायचा. गरम पाण्याच्या नळातून गार पाणी! सगळे मस्कत उन्हाळ्यात असेच नाहते. फक्त नव्या माणसाला हे कोणी आधी सांगत नाही.

दोन हजार बाराच्या जूनमध्ये उत्तमरावांनी बायकोला आणि मुलीला आणले. प्रेमाताई आणि सात वर्षांची यशश्री. घरात पहिल्यांदा बांगड्या वाजल्या, पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बाथरूममध्ये साबणाचे फुगे उडवले. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण दुसऱ्याच दिवशी घोटाळा झाला. प्रेमाताईंच्या गावची रीत अशी, की माणूस कामावरून दमून आला की त्याला कढत पाणी काढून द्यायचे. त्यांनी पाहिले तर माझे बटण बंद. "विसरले वाटतं," असे पुटपुटत त्यांनी दुपारीच ते लावून टाकले. मी तरी काय करणार? बटण लागले की तापायचे, हा माझा धर्म!

संध्याकाळी उत्तमराव घामाने निथळत आले आणि थेट लाल नळाखाली उभे राहिले.

"आई गं! मेलो!" ते किंचाळले आणि घाईघाईने निळा नळ फिरवला. तो तर अजूनच जोरात किंचाळायला लावणारा! टॉवेल गुंडाळून बाहेर येत ते हसतच सुटले. "अगं प्रेमा, तू बटण लावलंस? इथं उन्हाळ्यात गीझर बंद करायचा असतो, तेव्हा गार पाणी मिळतं."

प्रेमाताई हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. "गार पाण्यासाठी जिथं गीझर लागतो, तिथं माणसानं राहायचं तरी कसं? बाहेर पाऊल टाकवत नाही. खिडकी उघडायची सोय नाही. गावाला आता लावणीची गडबड असेल. तिकडे महिना बदलला की हवा बदलते, भाजी बदलते, सण येतात. इथं नुसता जाळ! इथं ऋतूच नाहीत. मला नाही राहायचं."

उत्तमराव टॉवेलातच खाली बसले. वर्षानुवर्षे एकट्याने जेवून त्यांचा जीव उबगला होता, हे मला ठाऊक होते. तरी ते शांतपणे म्हणाले, "एक हिवाळा बघ. मग जायचं तर जा. मी अडवणार नाही."

"दिवाळीपर्यंत," प्रेमाताई म्हणाल्या. "दिवाळीला यशूला घेऊन गावी जाईन. आणि मग परत यायची नाही."

त्यांची निळी बॅग बाथरूमसमोरच्या पॅसेजमध्ये उभी होती. त्या लागतील तेवढे कपडे काढत, धुऊन, घडी करून पुन्हा तिच्यातच ठेवत. कपाट रिकामेच. दार उघडले की मला आधी ती बॅग दिसे. त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला, की हिवाळ्यात माझे बटण प्रेमाताईंच्या हाताने लागले पाहिजे!

मित्रांनो, मला चार भिंतींबाहेरचे काही दिसत नाही. पण त्याने काही बिघडत नाही. बाहेरचा प्रत्येक ऋतू शेवटी माझ्यापाशीच धुतला जातो. जुलैमध्ये हे तिघे खाबुऱ्याला, किनाऱ्यालगतच्या एका गावी, ओळखीच्या शेतावर गेले आणि यशश्री कोपरापर्यंत चिकट होऊन परतली. ताजा, अर्धवट पिकलेला खजूर तिने ओरबाडून खाल्ला होता! कितीतरी वेळ मी पाणी देत होतो आणि ती बोटे चाटत सांगत होती, "आई, अर्धा पिवळा, अर्धा तपकिरी! पिवळा कुरकुरीत आणि तपकिरी म्हणजे गूळ!" प्रेमाताईंच्या ओंजळीतही तोच वास होता. मी त्या रात्रीपुरता बॅगेला विसरलो.

मग ईदच्या सुट्टीत गाडी निघाली सलालाहला. तो लांबचा पल्ला, सगळे वाळवंट ओलांडून जायचे. ऐन ऑगस्टमध्ये तिथे डोंगरावर धुके उतरते आणि भुरभुर सुरू असते. ते परत आले तेव्हा काय सांगू! तिघांच्या चपलांना चिखल! मी आयुष्यात पहिल्यांदा चिखल पाहिला. उत्तमराव चपला धुवायला निघाले तर प्रेमाताईंनी त्या हिसकावून घेतल्या.

"माझ्या राहू देत," त्या म्हणाल्या. "रस्त्याच्या कडेला शहाळी टांगलेली, केळीचे घड, आणि सगळा डोंगर हिरवा. अहो, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगून पटलं असतं?" उत्तमराव म्हणाले.

मी मनातल्या मनात उड्या मारल्या. पण ती घाई झाली. सप्टेंबर आला. दमट, चिकट, वारा पडलेला. भिंतींनाही घाम फुटावा असा. यशश्रीच्या पाठीवर घामोळे उठले, प्रेमाताईंचे डोके दुखू लागले आणि एका दुपारी त्यांनी चपलांवरचा वाळलेला चिखल खरवडून टाकला. नारळाच्या चॉकलेटांची दोन पाकिटे, गावच्या पोरांसाठी, बॅगेत गेली. उटण्याची पुडी मात्र सासूबाईंनी गावाहून निघतानाच हातात कोंबली होती, "दिवाळीला आलीस तर आण, नाहीतर तिथंच लाव," असे म्हणून. तीही बॅगेच्या पुढच्या कप्प्यात होती. चेन ओढल्याचा आवाज मला आत पोटात ऐकू आला.

आणि मग, मित्रांनो, ती सकाळ आली! ऑक्टोबर संपत आला होता. यशश्री शाळेसाठी तोंड धुवायला आली आणि सवय नसताना चुकून तिने निळा नळ सोडला.  आणि जी ओरडली, ती सगळ्या मजल्याला ऐकू गेली.

"आई! लवकर ये! पाणी चावत नाहीये!"

प्रेमाताई धावत आल्या. त्यांनी धारेखाली हात धरला, मग दुसरा हात धरला, मग तोंडावर सपासप पाणी मारले. "अगं बाई, गार आहे!" त्या म्हणाल्या आणि एवढ्याशा पाण्यावरून दोघी मायलेकी हसत सुटल्या. शेजारच्या मॅग्डलिनबाई, मूळच्या वसईच्या, दारातूनच ओरडल्या, "प्रेमा, एसी बंद कर! सगळ्या विंडोज ओपन कर! आपलं सीझन सुरू झालं!"

खिडक्या उघडल्या. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा समुद्राचा वास आला, कारण एकट्या उत्तमरावांना खिडक्या उघडायचे कधी सुचलेच नव्हते. त्या आठवड्यापासून घराचा नूरच पालटला. संध्याकाळी मॅग्डलिनबाई आणि प्रेमाताई अझैबाच्या किनाऱ्यावर चालायला जाऊ लागल्या. तिथे म्हणे सगळे गाव बाहेर पडते! कोणी कोळशावर मासे भाजतो, कोणी पतंग उडवतो, ओमानी आज्या चटया टाकून थर्मासमधला कहवा, म्हणजे बिनदुधाची कॉफी, पितात आणि अनोळखी बाईलाही हाक मारून वाटी पुढे करतात. रोज पायांवरून वाळू येई. मी ती आनंदाने पाहत असे.

पण माझ्याकडे कोण पाहते! निळ्या नळाला गार पाणी, हवा सुखाची. मला कोणी विचारीना. ना लाल नळ सुटे, ना बटण लागे. बॅग तिथेच. दिवाळी तोंडावर आलेली. उत्तमरावांनी विमानाची चौकशी सुरू केली होती. ते आंघोळ करताना भजने म्हणायचे विसरले होते. मला वाटले, संपले. पुन्हा आम्ही दोघेच राहणार.

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी पॅसेजमध्ये चेन ओढल्याचा आवाज झाला. मी श्वास रोखला. दार उघडून प्रेमाताई आत आल्या. त्यांच्या हातात उटण्याची पुडी होती! ती त्यांनी आरशाखालच्या फळीवर ठेवली. मग हात वर करून माझ्या बटणावर बोट ठेवले आणि बाहेर हाक मारली.

"अहो, मी गीझर लावतेय. पहाटे अंग चोळून कढत पाण्यानं न्हायला हवं ना? तिकिटाचं राहू दे. पुढच्या सुट्टीत तिघं मिळून जाऊ."

 बाहेरून उत्तमरावांचा आवाज आला. "खलास! यशू, ऐकलंस? उन्हाळा खलास!"

माझा लाल दिवा लागला. मी असा तापलो, असा तापलो, की आयुष्यात तसा कधी तापलो नव्हतो! पहाटे उटण्याचा वास, यशश्रीची किलबिल, बाहेर मॅग्डलिनबाईंनी पाठवलेला केक आणि घरच्या करंज्या. बॅग रिकामी होऊन पलंगाखाली गेली.

त्यानंतरची वर्षे कशी गेली सांगू! हिवाळ्यात तिघे वाळवंटातल्या तंबूवरून शेकोटीचा धूर केसांत घेऊन यायचे. एप्रिलमध्ये निझवा गावाच्या वरच्या डोंगरातून कपड्यांना गुलाबाचा वास लागून यायचा. मेमध्ये आंब्याचा रस हनुवटीवरून ओघळायचा आणि त्याच दिवशी माझे बटण बंद व्हायचे. "चला, गार पाण्याचे दिवस!" असे म्हणत सगळे टाळ्या वाजवायचे. मी या घराचे कॅलेंडर झालो होतो.

पण मित्रांनो, यंत्रालाही वय असते. दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत माझी कॉइल जळाली. रविकांत नावाचा प्लंबर आला. त्याने भिंतीवर एक छोटा, चपटा, झटपट पाणी तापवणारा हीटर बसवला. त्याच्या पोटात तांब्याभरही पाणी मावत नाही, पण तोरा काय! मग रविकांतने माझ्याकडे बोट दाखवले. "भाभी, ये तो अब खलास है. कचरे में डाल दूँ?"

मला रडूच कोसळले असते, पण आतले पाणी आधीच काढून टाकलेले! यशश्री आता मोठी झालेली. ती म्हणाली, "आई, नो यार, प्लीज!" प्रेमाताईंनी हातातला टॉवेल खांद्यावर टाकला. "कचरा कैसे? जून आने दो. लाल नल का पाइप इसी से जोड़ दो, नया वाला अलग रखो." मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "एक उन्हाळा बघू या. मग ठरवू."

आणि जून आलाच! नवा हीटर बिचारा गप्प बसला. टाकी उकळू लागली आणि गार पाणी पुन्हा माझ्याच पोटात. त्याच आठवड्यात मॅग्डलिनबाईंची नवी सून मेलनी वसईहून आली. सकाळी निळ्या नळाने तिचा हात पोळला. सासूबाई चर्चला गेलेल्या, नवरा ऑफिसात. ती आमच्या दारात रडत उभी राहिली. "आंटी, इथं नुसती आग आहे. मला घरी जायचंय."

प्रेमाताईंनी तिला आत आणले, लाल नळ सोडला आणि तिचा हात माझ्या पाण्याखाली धरला. मेलनीने चमकून वर पाहिले. "आंटी, हे गार कसं?"

"सांगते," प्रेमाताई म्हणाल्या आणि बादली भरायला लावली. "तुझ्यासाठी घेऊन जा. आणि एक हिवाळा बघ, बाळा. मग जायचं तर जा. मी अडवणार नाही."

दाराशी उत्तमराव उभे होते.  आत येऊन त्यांनी माझ्या गंजू लागलेल्या पोटावर हलकेच थाप मारली.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनंती. एका वाईट महिन्यावरून कुठल्याही गावाला नावे ठेवू नका, कुठल्याही माणसाला नाही आणि माझ्यासारख्या बिघडलेल्या डब्यालाही नाही. त्यांचा ऋतू यायचा असेल. तोवर थोडी जागा द्या, वर्षातून एकदा पोटातला गाळ काढा. आता पुन्हा मे आला आहे आणि आज आंब्याचा रस ओघळला आहे. प्रेमाताईंनी मेलनीला जेवायला बोलावले आहे आणि इकडे लाल नळ सुटतो आहे. चला, मला काम आहे!